निचरा पूर्ण

“हे लाल कोणी केलं?”

विभागप्रमुख मामियाने टॅबलेट टेबलावरून ढकलला. चहाच्या दोन कपांना धक्का देत तो फुमिए निशिगोरीसमोर येऊन थांबला. पडदाभर लाल रंग आणि त्यावर ठसठशीत पांढरी अक्षरं: ‘या टबाला झटपट निचरा नाही. बाजूची साखळी ओढा. मदतीला हाक मारा.’

“मी केलं,” फुमिए म्हणाली.

“का?”

“कारण या टबाला झटपट निचरा नाही.”

टेबलाभोवती सहा माणसं होती. सहाही जणांनी आपापल्या कपात पाहिलं, जणू उत्तर तळाशी गेलेल्या चहाच्या चोथ्यात होतं.

“निशिगोरी-सान,” मामिया गोड आवाजात म्हणाला. तो गोड बोलायला लागला की आज कुणाचं तरी काही खरं नाही, हे सगळ्या मजल्याला ठाऊक होतं. “पुढच्या गुरुवारी वृद्धाश्रम संघाची माणसं टब बघायला येतायत. मी स्वतः टबात बसणार, स्वतः बटण दाबणार. आणि त्यांना हे लाल थोबाड दाखवू?”

“मग बटणच काढा ना, साहेब. छोट्या टबाच्या पडद्यावर ते नकोच. मी दोनदा लिहून दिलंय.”

“चारही टबांना एकच पडदा, असं आपण माहितीपत्रकात छापलंय.”

“मग टबाला पंप बसवा.”

“पंप बसवला तर तो छोटा टब कसला?” मामिया हसला. मग बाकीचेही हसले, पदाच्या क्रमाने. “फार डोकं चालवू नका. बटण दाबलं की हिरवं. पूर्वी होतं तसं करून टाका. आणि इसोगाई, हिने नाही केलं तर हिने फेकलेला नकार तू मध्येच झेल आणि गिळून टाक. वर पडद्यापर्यंत येता कामा नये.”

उपप्रमुख इसोगाईने मान हलवली. तो पंखा लावला तरी मान हलवायचा.

पूर्वी होतं तसं. फुमिएने हे तीन शब्द वहीत लिहून घेतले, शेजारी तारीख घातली आणि वही मिटली.

सुवा तळ्याकाठच्या या कंपनीत म्हाताऱ्यांना आंघोळ घालायचे टब बनतात. खुर्चीत माणूस बसवायचा, पट्टा बांधायचा, खुर्ची अलगद पाण्यात उतरते. टब चार प्रकारचे, पण ते चालवणारा प्रोग्राम एक. त्या प्रोग्रामात चारही टबांनी एका करारावर सही केलेली आहे, असं समजा. पाणी भर, वर घे, खाली सोड, झटपट निचरा कर, असे अकरा हुकूम. ज्याने करारावर सही केली त्या प्रत्येक टबाला अकराही हुकमांना उत्तर द्यावंच लागतं. मोठ्या टबाखाली पंप आहे. चाळीस सेकंदांत तो कोरडा होतो. छोट्या टबाला बूच आणि साखळी. पण हुकूम त्यालाही येतोच. तेव्हा त्याने काय म्हणायचं?

तीन वर्षांच्या पोराला विचारा, सांगेल. जमत नसेल तर ‘जमत नाही’ म्हणायचं. प्रोग्राममध्ये याला एक्सेप्शन फेकणं म्हणतात. काम जागच्या जागी थांबतं आणि नकार ओरडत वर पडद्यापर्यंत जातो. दुसरा रस्ता म्हणजे कंस, म्हणजे हुकमाचं उत्तर लिहायची जागा, रिकामा ठेवायचा. हुकूम येतो, आत काहीच सापडत नाही, तसाच परत जातो. पडद्याला वाटतं, झालं काम. तो हिरवा होतो आणि लिहितो: ‘निचरा पूर्ण’. रिकामा कंस खोटं बोलत नाही, तो फक्त गप्प बसतो. खोटं त्याच्या वरचे बोलतात. कंपन्याही अशाच चालतात, पण ते जाऊ दे.

फुमिए एकोणिसाव्या वर्षी इथे तारा जोडायला लागली. प्रोग्राम लिहायला तिला कुणी शिकवलं नाही. जेवणाच्या सुट्टीत भाताचे गोळे खात ती इंजिनिअर लोकांनी टाकून दिलेली पुस्तकं वाचायची. चाळीस वर्षांत तिने कधी दुखण्याची रजा घेतली नाही. आता निवृत्तीला चार महिने उरले होते. ‘निशिगोरी-सान म्हणजे भिंतीवरचं घड्याळ,’ असं लोक म्हणायचे. घड्याळाला वेळ सोडून दुसरं काही कुणी विचारत नाही.

सात वर्षांपूर्वी जुन्या छोट्या टबातही तिने हाच नकार लिहिला होता. तेव्हाही मामिया म्हणाला होता, “प्रदर्शनात लाल वाईट दिसतं, रिकामं ठेवा.” तिने रिकामं ठेवलं. बदलाचा फॉर्म भरला, क्रमांक ४१७, आणि शिक्का मारला.

इथे काय किंवा इतर कचेऱ्यांत काय, सहीला किंमत नाही, आपापल्या नावाचा गोल शिक्का मारायचा. फॉर्मवर चौकटी असतात. सर्वांत उजवीकडे काम करणाऱ्याची, मग उपप्रमुखाची, मग प्रमुखाची. वरिष्ठाची चौकट डावीकडे. म्हणून शिक्का किंचित डावीकडे कलता मारायचा, म्हणजे आपलं नाव वरिष्ठाच्या नावापुढे कमरेत वाकलेलं दिसतं. हा नियम कुठेही लिहिलेला नाही, त्यामुळे तो कुणी मोडत नाही. ४१७ वर फुमिएचा शिक्का वाकला, इसोगाईचा वाकला आणि मामियाचा सरळ उभा राहिला. त्याच्या पुढे चौकटच नव्हती.

अकरा महिन्यांनी ओकायाच्या एका वृद्धाश्रमात ओबारा नावाचे चौऱ्याऐंशी वर्षांचे गृहस्थ पट्ट्याखालून घसरले. तामिको हिरुकावा नावाची सेविका एकटीच होती. तिने झटपट निचऱ्याचं बटण दाबलं. पडदा हिरवा झाला. एकटीने उचलण्याएवढे ते हलके नव्हते. पाणी उतरतंय या भरवशावर ती दार उघडून माणूस आणायला धावली. दीड मिनिटात दोघी परत आल्या. पाणी जिथे होतं तिथेच होतं, ओबारा त्याच्याखाली.

कंपनीचा माणूस दुसऱ्या दिवशी गेला आणि यंत्रातली नोंद छापून घेऊन आला. ‘१०:४२, निचरा पूर्ण.’ यंत्रात दोष नाही, निचरा झालेला आहे, त्या अर्थी बाईने घाबरून नळ पुन्हा सोडला असणार, असा अहवाल मामियाने लिहिला. वृद्धाश्रमालाही प्रकरण मिटवायचं होतं. टबाखाली वाकून पंप आहे का हे बघायची तसदी कुणी घेतली नाही. हिरुकावा सांगत राहिली, “मी नळाला हात लावला नाही.” यंत्र म्हणतंय पूर्ण, बाई म्हणतेय नाही. लोकांनी यंत्रावर विश्वास ठेवला. तिची नोकरी गेली. गावात तिच्या नावापुढे एक वाक्य चिकटलं, ते तिच्यासमोर कुणी उच्चारायचं नाही एवढंच.

फुमिएला सगळं माहीत होतं. हिंमत नव्हती. त्याला दुसरं नाव द्यायचं काही कारण नाही. तिने एवढंच केलं की अपघाताच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या कवायतीला लोक खाली गेले असताना ४१७ चा मूळ कागद फायलीतून काढला आणि घरी तांदळाच्या बिस्किटांच्या डब्यात ठेवला. दोन दिवसांनी मामियाने फाइल मागवली, कागद नाही हे पाहिलं आणि इसोगाईच्या पाठीवर थाप मारली. आपल्या माणसाने न सांगता काम केलं, असं त्याला वाटलं. इसोगाईने मान हलवली.

सहा वर्षं तो डबा ओट्यावर होता. फुमिए रोज त्याच्याशेजारी भात शिजवायची. तिला न्यायबिय नको होता. तिला मामियाचं तोंड बघायचं होतं.

शुक्रवारी तिने नवा फॉर्म भरला. क्रमांक ९०२. बदलाच्या रकान्यात स्वच्छ अक्षरांत लिहिलं: ‘छोट्या टबाचा झटपट निचरा: स्पष्ट नकार, लाल पडदा. कायम ठेवणे.’ मग शिक्का शाईत दाबला आणि इतका कलता मारला की नाव जवळजवळ आडवं झालं. चाळीस वर्षांत ती इतकी वाकली नव्हती.

कागद आधी इसोगाईकडे गेला. त्याने वाचला. चष्मा काढून पुन्हा वाचला.

“निशिगोरी-सान, साहेबांनी हिरवं सांगितलं होतं ना?”

“हो.”

“हे तर लाल आहे.”

“हो.”

“मी हे वाचलं नाही असं समजू या का?”

“तुम्ही वाचलंत, इसोगाई-सान. दोनदा.”

इसोगाई बराच वेळ शिक्क्याशी चाळा करत बसला. मग त्यावर तोंडाची वाफ सोडली आणि मारला. “गुरुवारी मी रजेवर आहे,” तो म्हणाला. “दात काढायचाय.”

“कुठला?”

“ते बघतो अजून.”

“आणि ते मध्येच झेलून गिळायचं काम?”

“दात दुखत असताना काय गिळणार, बाई?” तो तिच्याकडे न बघता म्हणाला. आयुष्यात एवढा पराक्रम त्याने पहिल्यांदाच केला होता, आणि तोही रजा टाकून.

मामियाने कागद समोर घेतला. वरचे शब्द त्याने वाचले नाहीत. त्याने शिक्के वाचले. फुमिएचं आडवं झालेलं नाव बघून त्याचा चेहरा खुलला.

“आलात का वळणावर? चार महिने राहिलेत, निशिगोरी-सान. गोडीत जा घरी.”

“हो, साहेब.”

त्याने शिक्का मारला. सरळ, ताठ.

गुरुवारी दालनात चाळीसेक माणसं होती. वृद्धाश्रमांचे संचालक, काही सेविका आणि सगळ्यांच्या पुढे संघाच्या प्रमुख कारासावाबाई. तीस वर्षं नर्स म्हणून काढलेल्या, आवाज खणखणीत. टॅबलेटचा पडदा मागच्या भिंतीवर मोठा करून दाखवला होता. मामिया गुडघ्यापर्यंतचा निळा आंघोळीचा पोशाख घालून खुर्चीत बसला. त्याला हे काम मनापासून आवडायचं. पट्ट्याचं बक्कल खुर्चीच्या मागे असतं, बसलेल्याचा हात तिथे पोचत नाही. म्हाताऱ्यांनी मध्येच सोडू नये म्हणून तशी सोय आहे. फुमिएने ते लावलं. खुर्ची पाण्यात उतरली.

“बघा, माझ्यासारखा जाडजूड माणूससुद्धा कसा अलगद उतरतो!” मामिया छातीइतक्या पाण्यातून म्हणाला. लोक हसले. “आता समजा, काही गडबड झाली. घाबरायचं नाही. एक बटण.”

त्याने हातातल्या टॅबलेटवर ओल्या बोटाने बटण दाबलं.

भिंत लाल झाली. टबातून कर्कश शिटी वाजली. मामियाने पुन्हा दाबलं. पुन्हा शिटी.

कारासावाबाईंनी भिंतीवरचं मोठ्याने वाचलं. “या टबाला झटपट निचरा नाही. बाजूची साखळी ओढा. मदतीला हाक मारा.” मग त्यांनी हातातलं माहितीपत्रक वर धरलं. “इथे तर आहे असं छापलंय.”

“तो एक किरकोळ... त्याचा आम्ही विचार करतोय.”

“विचार नाही विचारला मी. निचरा आहे की नाही?”

“इसोगाई!” मामिया ओरडला.

“ते रजेवर आहेत, साहेब,” फुमिए म्हणाली. “दात.”

“हे काय आहे, निशिगोरी-सान? हे कोणाला विचारून केलंत?”

“तुम्हाला. नऊशे दोन.” तिने पिशवीतून कागद काढला आणि त्याच्याकडे नाही, कारासावाबाईंकडे दिला. “मंजुरी आहे.”

बाईंनी कागद पाहिला. “मग बरोबरच आहे की. नाही ते नाही म्हणतंय, मला आवडलं.” त्या थांबल्या. त्यांच्या कपाळावर एक आठी हळूहळू उमटली. “पण आमच्या आश्रमांत तुमचे जुने छोटे टब आहेत. एकतीस. त्यांत हे बटण दाबलं की हिरवं येतं.”

“त्यांतही पंप नाही,” फुमिए म्हणाली.

“मग हिरवं का येतं?”

फुमिएने दुसरा कागद दिला. सहा वर्षांत त्याला बिस्किटांचा वास लागला होता. बाईंनी तोही मोठ्यानेच वाचला. त्यांना वाचून दाखवायची सवय होती, अर्धं आयुष्य डोळे गेलेल्या माणसांत गेलेलं. “‘नकार काढून जागा रिकामी ठेवणे. कारण, प्रदर्शनात वाईट दिसते.’”

दालनातल्या सेविकांपैकी एकीने तोंडावर हात ठेवला. ती ओकायाची होती.

“तो कागद माझ्याकडे नुसता माहितीसाठी आला होता!” पाण्यातून मामियाचा आवाज चिरकला. “निर्णय वरचा होता. मी मधला माणूस.”

कारासावाबाईंनी कागद डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला. “तीन शिक्के आहेत. दोन वाकलेत.” त्यांनी मामियाकडे पाहिलं. “तुमचा सरळ आहे. वर कुणी होतं, तर त्याच्यापुढे तुम्ही वाकला का नाहीत, मामिया-सान?”

कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. दालनातला प्रत्येक जण वीस-तीस वर्षं वाकडे शिक्के मारून म्हातारा झाला होता. कागद एका हातातून दुसऱ्या हातात गेला. जो तो वर मामियाकडे बघायचा आणि पुढच्याला द्यायचा.

मामिया पट्ट्याशी झटापट करायला लागला. पाणी उसळून फरशीवर आलं. वर येण्याचं बटण त्याला दाबता येईना, टॅबलेट त्याच्या हातून निसटून तळाशी गेला होता आणि भिंत आता काळी होती. फुमिए टबाच्या बाजूला गेली. तिने साखळी हातात घेतली आणि तशीच उभी राहिली.

“ओढा ना!” मामिया म्हणाला.

ती उभी राहिली.

“काय हवंय तुम्हाला?”

“पडद्यावर लिहिलं होतं, साहेब. दोन गोष्टी होत्या. साखळीची माझ्या हातात आहे.”

चाळीस माणसं बघत होती. पाणी त्याच्या छातीपर्यंतच होतं, ते नाकात जाणार नव्हतं. त्या बाबतीत ओबारांपेक्षा त्याचं नशीब फार चांगलं होतं.

“मदत करा,” तो पुटपुटला.

“ऐकू नाही आलं,” कारासावाबाई म्हणाल्या.

“मदत करा!”

फुमिएने साखळी ओढली. छोटा टब रिकामा व्हायला सहा मिनिटं लागतात. सहा मिनिटं कुणी जागचं हललं नाही. पाणी इंचाइंचाने उतरत गेलं आणि मामिया वरून खाली दिसत गेला, ओला पोशाख, पोट, पांढरे पाय. फुमिएने त्याचं तोंड पाहिलं. पोटभर पाहिलं. मग बक्कल सोडलं.

रविवारी ती ओकायाला गेली. कंपनीने तिला निवृत्तीपर्यंत घरीच बसायला सांगितलं होतं. मामियाच्या टेबलावर दुसरं कुणी बसतं की नाही, याची तिने चौकशीसुद्धा केली नाही.

हिरुकावा स्टेशनमागच्या टपरीत ओयाकी भाजायची. आत नोझावानाची भाजी भरलेले कणकेचे गोळे, लोखंडी तव्यावर. साठीला आलेली, डोक्याला रुमाल. समोर पाच-सहा गिऱ्हाइकं होती. फुमिए बाजूला उभी राहिली आणि रांगेत खंड पडला तेव्हा तिने नाव सांगितलं, कंपनीचं नाव सांगितलं. हिरुकावाच्या हातातला कालथा थांबला.

फुमिएने ४१७ पुढे केला. हिरुकावाने हात पुसले, कागद घेतला, सावकाश वाचला. मामियाच्या सरळ शिक्क्यावरून तिची नजर न थांबता पुढे गेली. उजवीकडच्या शेवटच्या चौकटीवर तिने बोट ठेवलं.

“निशिगोरी. या तुम्ही?”

“हो.”

“वाकलाय.”

“हो.”

फुमिए सांगायला बरंच काही घेऊन आली होती. दालन, लाल भिंत, पाण्यातला मामिया. गाडीत तिने ते दोनदा मनाशी बोलून पाहिलं होतं. ते तिने सगळं सोडून दिलं. तिने कमरेत वाकून मान खाली घातली आणि तशीच ठेवली.

“उठा,” बऱ्याच वेळाने हिरुकावा म्हणाली. “गिऱ्हाइकं बघतायत.” मग हलक्या आवाजात, “सहा वर्षं मी ते बटण दाबतेय. भाजताना, जेवताना. दरवेळी हिरवंच येतं.”

फुमिएने पिशवीतून टॅबलेट काढला. तो तिचा स्वतःचा होता, खोट्या टबावर प्रोग्राम तपासायचा. तिने तो फळीवर, पिठाच्या परातीशेजारी ठेवला. पडद्यावर छोटा टब होता, अकरा बटणं होती. हिरुकावा त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने पिठाचं बोट पुढे केलं, मागे घेतलं, पुन्हा पुढे केलं आणि दाबलं.

लाल.

ती ओठ हलवत वाचायला लागली. “या टबाला... झटपट निचरा... नाही.” शेवटच्या शब्दावर ती थांबली. तिने पुन्हा दाबलं. लाल. पुन्हा दाबलं.

तव्यावरच्या ओयाकी एका बाजूने करपायला लागल्या. रांगेतल्या पहिल्या बाईने काउंटरमागे हात घातला, कालथा उचलला आणि त्या एकेक करून उलटल्या.